वार, कोळी आणि अहिंसा

आमच्या घरी सोमवारी सुकटीचा डबा उघडत नाही. ‘आज वार आहे’ एवढं आई म्हणाली, की विषय संपला. बुधवारी त्याच ओट्यावर बांगडे साफ होतात. हे वार पाळणं एका जुन्या योगग्रंथात, अहिंसेच्या चर्चेत, आधीच नोंदलेलं सापडेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

‘अहिंसा’तला हिंस् हा ‘हन्’, म्हणजे मारणे, या धातूचं इच्छादर्शक रूप, असं अनेक व्युत्पत्तिकार मानतात. म्हणजे घाव नंतरचा. हिंसा आधी मनातली. पण तैत्तिरीय संहितेत हा शब्द भेटतो तो यज्ञाच्या संदर्भात, आणि तिथे काळजी आहे ती यजमानाला इजा होऊ नये याची. यज्ञपशूची नव्हे. छांदोग्य उपनिषदात माणसाचं जगणं हाच यज्ञ ठरतो आणि अहिंसा त्याची दक्षिणा. त्याच उपनिषदाच्या अखेरीस सर्व भूतांना न दुखवण्याची गोष्ट येते, पण शास्त्रविहित कर्माला तेवढी सूट मिळते.

ही सूट महावीरांनी आणि बुद्धांनी नाकारली. आचारांगसूत्राने तर माती, पाणी, अग्नी, वारा यांतही जीव पाहिला.

मग पतंजली. योगवर्गात आपण चटई अंथरतो ती आसनांसाठी. त्यांच्या योगसूत्रांत आसन तिसरं अंग आहे. पहिलं अंग यम, आणि यमांत पहिली अहिंसा. जात, स्थळ, काळ आणि प्रसंग यांच्या मर्यादा गळून पडल्या तरच तिला महाव्रत म्हणावं, असं ते सांगतात. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात या मर्यादांची उदाहरणं आहेत. एक कोळी आहे, तो फक्त मासे मारतो, दुसरं काही नाही. एक जण तीर्थावर मारत नाही. एक चतुर्दशीला मारत नाही. हे वाचताना मला आईचा सोमवार आठवला. भाष्यकार या माणसांना हिणवत नाही. त्यांची अहिंसा कुठवर पोचली तेवढं दाखवतो. मला त्याची ही नजर फार मोलाची वाटते. तो आपल्यासारखी माणसं पाहून लिहीत होता.

पुढे हिशेब आणखी बारीक होतो. स्वतः केलेली, करवलेली, अनुमती दिलेली. लोभाने, रागाने, मोहाने. सौम्य, मध्यम, तीव्र, आणि या तिन्हींच्याही तीन-तीन पायऱ्या. भाष्यात हिंसेचे 81 प्रकार होतात. ‘मी कुठे कापते, कोळीणच कापून देते’ ही पळवाट त्यांतल्या दुसऱ्याच शब्दावर बुजते.

मराठीत अहिंसेची ही परंपरा ज्ञानेश्वरांनी वाढवली. शके 1212 मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात ते अहिंसेवर मुक्काम ठोकून बसतात. हिंसा करूनच अहिंसा साधू पाहणाऱ्या याज्ञिकांना आधी खडसावतात, मग अहिंसा दाखवतात ती माणसाच्या वावरण्यात. ती आधी मनात मुरते, मग बोलण्यात, नजरेत, हातात उतरते. चालणं तर असं, की बगळ्याने पाण्यात पाऊल टाकावं आणि लाट मोडू नये. भुंग्याने कमळावर बसावं ते केसर चुरगळेल या धाकाने.