घोड्याच्या साजापासून शॉकअपपर्यंत

इंग्लंडात कोव्हेंट्रीला नोकरीला असताना मी एक जुनी माझदा एमएक्स-५ घेतली होती. दोन माणसांची, उघड्या टपाची. तिनेच रोज कामावर जायचं आणि एखाद्या रविवारी शर्यतीच्या ट्रॅकवरही. शॉकअप गळू लागले तेव्हा घट्ट-सैल करता येणारे बसवले आणि हौसेनं पार आवळून टाकले. ट्रॅकवर मजा आली. सोमवारी मात्र उखडलेल्या रस्त्यावर, ओल्या वळणावर मागचं चाक सुटलं. थोडक्यात वाचलो. घट्ट म्हणजे पक्की पकड, हा समज तिथंच गेला आणि मी या पिळाचा इतिहास शोधू लागलो.

मुळात शॉक अ‍ॅब्सॉर्बर हे नावच फसवं. धक्का झेलते ती स्प्रिंग. झेलल्यावर ती झुलत राहू नये म्हणून तिला आवरायचं, हे शॉकअपचं काम. विसाव्या शतकाच्या आरंभी ते घर्षणावर चाले. फ्रान्सचे त्रुफो आणि अमेरिकेचे एडवर्ड हार्टफर्ड यांच्या नावांनी ओळखलं जाणारं साधन म्हणजे कात्रीसारखे दोन दांडे, सांध्यात चकत्या आणि मधोमध नट. नट आवळला की गाडी कडक! म्हणजे ही सोय आजची चैन नव्हे. बुगाटीच्या १९२४ च्या टाइप ३५ ला असेच घर्षणाचे शॉकअप होते.

घर्षणाची खोड आपल्याला घरातही दिसते. जड कपाट सरकवताना पहिला जोर सर्वांत जास्त लागतो, मग ते सहज सरकतं. तसंच, बारीक खडीवर या चकत्या हलतच नसत आणि मोठ्या उसळीला पुरत नसत. हवं होतं नेमकं उलट. तेलाच्या शॉकअपनं ते साधलं. बारीक छिद्रांतून तेल जातं, त्यामुळे हालचाल जितकी वेगाची तितका विरोध जास्त. १९३० च्या दशकात डर्बीच्या बेंटलीत तर स्टीअरिंगजवळच्या दांडीनं चालक बसल्या जागी तो बदलू शके.

आणि कोनी! नेदरलँड्समधल्या औड-बायरलँड गावी १८५७ साली डी कोनिंग यांनी घोड्यांचा साज बनवायला सुरुवात केली. पुढं घोड्यांची जागा मोटारींनी घेतली आणि हे घराणं शॉकअपकडे वळलं. त्यांच्या गाजलेल्या शॉकअपमध्ये पीळ फक्त परतीच्या उसळीला लागतो. दाबाचा विरोध आहे तसाच राहतो. रोजच्या गाडीला मला हेच शहाणपणाचं वाटतं. दोन्हीकडे डझनावारी टप्पे असलेले महागडे शॉकअप घेऊन गोंधळलेले लोक मी पाहिले आहेत.

पण हा एकच पीळही अति झाला तर घात करतो. माझं तेच झालं होतं. दाबलं गेलेलं चाक खाली पोचण्याआधीच पुढचा खड्डा येई. दर खड्ड्यागणिक स्प्रिंग आक्रसत जाई आणि टायर रस्ता सोडी.

शर्यतीत हे काम संगणकाकडेही गेलं. १९८७ मध्ये सेनानं तशी लोटस घेऊन मोनॅको जिंकलं, १९९२ मध्ये मॅन्सेल विल्यम्समधून विश्वविजेता झाला आणि १९९४ च्या मोसमापासून फॉर्म्युला वनमध्ये त्यावर बंदी आली.

मी मात्र पाना घेतला. चारही शॉकअप पूर्ण सैल केले, मग कामाच्या त्याच रस्त्यावर, त्याच वेगानं, दरवेळी पाव वळसा वाढवत गेलो. पाऊण वळशावर थांबलो. गाडी विकली तेव्हाही तो तिथंच होता.