अफूचा दहावा हिस्सा

बंगळूर म्हटले की मराठी मनाला आधी शहाजीराजांची जहागीर आठवते. आज मात्र मी आपणांस त्याच शहरातील होसूर रस्त्यावरच्या एका निराळ्या वास्तूकडे नेणार आहे. १८४७ साली बंगळुरात वेड्यांसाठी एक इस्पितळ निघाले. पुढे ते म्हैसूर सरकारचे मानसिक रुग्णालय झाले. १९५४ साली त्याच्या जोडीला अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था उघडली आणि डॉ. एम. व्ही. गोविंदस्वामी तिचे पहिले संचालक झाले. १९७४ साली दोन्ही संस्था एक होऊन आजची 'निम्हान्स' उभी राहिली. व्यसनमुक्तीच्या उपचारांचा एक स्वतंत्र विभागही तेथे आहे.

अशा विभागाच्या दारात जाण्यास एका जातीचा रोगी फार लाजतो. त्याने नशेसाठी कधी काही घेतलेले नसते. अपघातात पाठ मोडली, शस्त्रक्रिया झाली, डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. दुखणे हटले नाही आणि गोळीही सुटली नाही. ट्रॅमॅडॉल असो वा मॉर्फिन, ही सारी अफूचीच सख्खी किंवा सावत्र भावंडे. आता तो विचारतो, गोळी सोडू कशी, आणि सोडली तर दुखणे सोसू कसे?

हा प्रश्न नवा नाही. आपल्या सणासुदीच्या पक्वान्नात पडणारी खसखस ज्या बोंडातून निघते, त्याच बोंडाचा चीक म्हणजे अफू. आयुर्वेदाच्या मध्ययुगीन ग्रंथांत ती 'अहिफेन' म्हणून आली. पुढे खेडोपाडी सांधेदुखीवर, खोकल्यावर, हगवणीवर तिची गोळी चालू लागली. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या आया तान्ह्या मुलांना ती चाटवून निजवीत. अफूबाजांची पाहणी करणारे डॉ. रामनाथ चोप्रा यांनाही आढळले, की पुष्कळांची सुरुवात चैनीतून नव्हे, दुखण्यातून झाली होती.

स्वातंत्र्यानंतर सरकारने ही अफू बंद करावयाचे ठरविले. १९४९ च्या अखिल भारतीय अफू परिषदेने मात्र एका दिवसात दुकानांना कुलपे ठोकली नाहीत. राज्यांना मिळणारा अफूचा पुरवठा दरसाल दहा टक्क्यांनी कमी करीत न्यावा आणि ३१ मार्च १९५९ पर्यंत, औषधी व शास्त्रीय कामाखेरीज, तो संपवावा असे ठरले. ज्यांना सुटणे शक्यच नव्हते अशा जुन्या अफूबाजांची नोंद करून त्यांना वैद्यकीय दाखल्यावर अफू देण्याची वाट ठेवली गेली. सरकारी कारभारात एवढी समजूत क्वचितच दिसते! त्या हिशेबात महसुलाची काळजीही असेल. तरी शरीराचा स्वभाव त्यात नकळत सांभाळला गेला, असे मला वाटते.

हा स्वभाव कोणता? रोज अफूचा अंश मिळू लागला की मज्जासंस्था त्या अंशासह आपला तोल बसविते. याला व्यसन म्हणण्याची घाई करू नये. शरीराला सवय होणे निराळे आणि हानी दिसत असूनही मन त्यामागे धावणे निराळे. पण अंश एकाएकी काढला की तोल ढळतो. नाक वाहते, जांभया येतात, अंगावर काटा उभा राहतो, पोट बिघडते, झोप उडते, आणि जुने दुखणे दुपटीने उसळते. रोग्याला वाटते, गोळीवाचून आपला जन्म नाही. खरे पाहता त्या उसळीचा बराचसा भाग दुखण्याचा नसून गोळी तुटल्याचा असतो आणि काही दिवसांनी तो ओसरतो.

म्हणून वर्ष-दोन वर्षे गोळी घेणाऱ्यासाठी आजचे वैद्यकही दहाव्या हिश्शापाशीच येते. महिन्याला सुमारे दहा टक्के, किंवा त्याहूनही सावकाश. त्रास वाढला तर त्या पायरीवर थांबावे. हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावयाचे. एकीकडे मात्रा उतरत असता दुसरीकडे दुखण्याचा उपचार चालूच हवा : बेताचा व्यायाम, शेक, झोपेची शिस्त, नसांच्या वेदनेवरची निराळी औषधे, मनाला धीर देणारे समुपदेशन. ज्यांना एवढ्यानेही जमत नाही त्यांना ब्युप्रेनॉर्फिनचा आधार देता येतो. त्यात हार मानण्यासारखे काही नाही.

घाईचे फळ अमेरिकेने पाहिले. तेथे १९९६ नंतर जोरकस गोळ्यांचा सुळसुळाट झाला. मग २०१६ साली सावधगिरीचे नियम निघाले आणि अनेक डॉक्टरांनी धास्तीने रोग्यांच्या गोळ्या एकदम तोडल्या. अखेर २०१९ साली तेथील औषध प्रशासनालाच अशा तोडण्याविरुद्ध इशारा द्यावा लागला. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने दुसरे टोक गाठले. परवान्यांच्या जाचाने इस्पितळांतून मॉर्फिन जवळजवळ नाहीसे झाले आणि कर्करोगाचे रोगी तळमळत राहिले. ती गाठ सैल करणारी दुरुस्ती २०१४ साली झाली. ट्रॅमॅडॉल २०१८ साली त्याच कायद्याखाली आले.

मात्रा उतरत असताना घरच्या माणसांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. काही आठवडे गोळी कमी झाली की शरीराची सोसण्याची ताकदही उतरते. अशा वेळी एखाद्या असह्य रात्री रोग्याने जुन्या चिठ्ठीवरची पूर्ण मात्रा घेतली, त्यात दारू किंवा झोपेची गोळी मिसळली, तर श्वास मंदावून प्राण जाऊ शकतो. घरात उरलेल्या गोळ्या रोग्याच्या उशाशी ठेवू नयेत. त्या दुसऱ्या कोणाच्या हाती सोपवाव्यात.