दहा-बारा वर्षं जुनी डिझेल एसयूव्ही घेताना मीटरच्या आधी काय बघायचं?

२००२ साली स्कॉर्पिओ आली आणि महाराष्ट्राच्या गावागावात 'मोठी गाडी' या शब्दाचा अर्थच बदलला. पुढे २०११ला एक्सयूव्ही ५००, २०१२ला डस्टर. त्या काळात नव्या घेतलेल्या या गाड्या आज सेकंड हँड बाजारात नव्या हॅचबॅकच्या किमतीत, कधी कधी त्याहूनही स्वस्तात मिळतात. साहजिकच मोह होतो. साठवलेले तीन-चार लाख रुपये घेऊन माणूस बाजारात जातो आणि विचारतो, "कुठलं मॉडेल टिकाऊ आहे?"

प्रश्न चुकीचा नाही, पण बारा वर्षांनंतर मॉडेलचं नाव निम्मंच उत्तर देतं. एकाच महिन्यात कारखान्यातून बाहेर पडलेल्या दोन स्कॉर्पिओ बघितल्या, एक डॉक्टरांच्या पार्किंगमध्ये राहिलेली आणि दुसरी वाळूच्या ठेक्यावर फिरलेली, तर बारा वर्षांनी त्या दोन वेगळ्या गाड्या असतात. म्हणून तपासायचं असतं ते त्या एका गाडीचं आयुष्य.

सुरुवात मीटरपासून करूच नये. डिझेल गाडी घेणारा माणूस ती चालवण्यासाठीच घेतो. बारा वर्षांत ६०-६५ हजार किलोमीटर हा आकडा अशक्य नाही, पण त्याला पुरावा लागतो. पुरावा म्हणजे सर्व्हिसची बिलं. प्रत्येक बिलावर तारीख आणि किलोमीटर असतात. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी जात असेल तर गाडी नंबरवरून जुन्या नोंदी निघतात; मालकाने स्वतः येऊन किंवा फोन करून त्या मागवायच्या. "बिलं हरवली" हे उत्तर चालू शकतं, "नोंदी कशाला काढायच्या" हे उत्तर मात्र काहीतरी सांगून जातं.

मीटर मागे फिरवता येतो, पण गाडीचे बाकीचे अवयव मागे फिरत नाहीत. क्लच आणि ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय का, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड बसलीय का, स्टिअरिंगचा वरचा भाग चकाकतोय का, हे बघावं. टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते. २३१४ असं लिहिलं असेल तर तो टायर २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. ४० हजार किलोमीटर चाललेल्या गाडीला टायरचा तिसरा सेट असेल, तर हिशेब कुठेतरी चुकतोय.

इंजिनाची परीक्षा थंड अवस्थेत घ्यायची. विक्रेत्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवावं की गाडी आधी सुरू करू नका. पोहोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवायचा. गरम लागलं तर चहा प्यायचा आणि थांबायचं, किंवा दुसऱ्या दिवशी यायचं. गरम इंजिन जवळपास सगळी दुखणी लपवतं.

थंड इंजिन एक-दोन सेकंदांत सुरू व्हावं. सकाळी थोडा पांढरा धूर येऊन थांबला तर काळजी नाही. पण गाडी तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला आणि कूलंटची पातळी कमी होत असेल, तर हेड गॅस्केटवर संशय घ्यावा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. जोरात अॅक्सिलरेटर दाबल्यावर थोडा काळा धूर जुन्या डिझेलमध्ये येतोच. भरपूर आणि सतत येत असेल तर इंजेक्टर, टर्बो किंवा हवेच्या पाइपमध्ये काहीतरी आहे. गाडी सुरू असताना ऑइल भरायचं झाकण सैल करून तोंडावर नुसतं ठेवावं. थोडी वाफ येणं ठीक. झाकण थडथड उडायला लागलं आणि खालून धूर फुसफुसू लागला, तर पिस्टन रिंग झिजल्याची शक्यता मोठी, आणि तो खर्च गाडीच्या किमतीला भिडतो.

कूलंटची टाकी उघडून बघावी, अर्थात इंजिन थंड असतानाच. आत हिरवं, गुलाबी किंवा निळं पाणी हवं. लालसर, गंजाळलेलं पाणी दिसलं तर कुणीतरी वर्षानुवर्षं बोअरचं पाणी भरलंय, आणि रेडिएटरमध्ये क्षार बसलेत असं समजायला हरकत नाही. चकचकीत धुतलेलं इंजिन पाहून खूश होऊ नये. गळती लपवायचा सगळ्यात स्वस्त उपाय पाण्याचा पाइप हाच आहे. धूळ बसलेलं कोरडं इंजिन जास्त प्रामाणिक.

इथे मॉडेलचा थोडा उपयोग होतो. स्कॉर्पिओच्या २.२ लिटर एमहॉक इंजिनात टायमिंग चेन आहे, तर डस्टरच्या १.५ लिटर डिझेलमध्ये टायमिंग बेल्ट. बेल्ट ठरलेल्या अंतराला बदलावाच लागतो. तो कधी बदलला याचं बिल नसेल तर बदललाच नाही असं धरून किमतीतून तो खर्च वजा करायचा. बेल्ट चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात.

पुढचं काम खाली वाकून करायचं आहे. स्कॉर्पिओ, सफारी, फॉर्च्युनर या गाड्या शिडीसारख्या लोखंडी चेसिसवर उभ्या असतात. वरचा पत्रा रंगवून नवा करता येतो, चेसिस सडली तर गाडी संपली. रॅम्प किंवा पिट असलेल्या गॅरेजात गाडी नेऊन टॉर्च मारून बघावं, विशेषतः सस्पेन्शन जिथे जोडलेलं असतं तिथे. कोकण किनाऱ्यावर राहिलेल्या गाडीत हे जास्तच महत्त्वाचं, कारण खारी हवा पत्रा आतून खाते. खाली सगळीकडे ताजा काळा रंग मारलेला असेल तर तो कशावर मारलाय हे स्क्रू ड्रायव्हरने ठोकून बघायला लाजू नये. नंतर जोडलेलं वेल्डिंग दिसलं तर गाडी सोडावी.

पुराची गाडी ओळखणं त्याहून अवघड. २०१९ला सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ला चिपळूण-महाडमध्ये असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. त्यातल्या अनेक दुरुस्त होऊन पुन्हा रस्त्यावर आल्या आणि पुराच्या गावापासून लांब विकल्या गेल्या. अशी गाडी दोन-चार महिने उत्तम चालते. मग वायरिंगच्या कनेक्टरमधला गंज डोकं वर काढतो आणि कधी लाईट, कधी पॉवर विंडो, कधी सेन्सर असा पाळीपाळीने त्रास सुरू होतो. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघावा. तो भाग सहसा कुणी धूत नाही, तिथे गाळाची रेघ सापडते. सीटखालच्या बोल्टांना गंज, मॅटखाली कुबट वास, हेडलाइटच्या आत पाण्याची खूण, या बाकीच्या साक्षी.

अपघाताचीही अशीच. दाराच्या चौकटीवरचं रबर बीडिंग ओढलं की खाली कंपनीच्या स्पॉट वेल्डिंगचे गोल ठसे दिसतात. एका बाजूला ठसे आणि दुसऱ्या बाजूला सपाट लांबी असेल, तर त्या बाजूचं काम झालेलं आहे. विम्याचा कागदही बोलका असतो. चालू पॉलिसीवर नो क्लेम बोनस शून्य दिसला तर क्लेम कशाचा घेतला हे विचारावं. विमा मध्ये बंद पडला असेल किंवा मालक नवा असेल तरी बोनस शून्यच दिसतो, पण विचारायला काय जातं?

टेस्ट ड्राइव्ह म्हणजे सोसायटीला एक चक्कर नव्हे. किमान वीस किलोमीटर, त्यात थोडा हायवे, जमल्यास घाट, आणि एसी पूर्ण चालू. चढावर तापमानाचा काटा मधल्या जागेवरच राहायला हवा. चौथ्या गिअरमध्ये कमी वेगावर अॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज वाढला आणि गाडी मात्र तिथेच राहिली, तर क्लच प्लेट संपलीय. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर मातीच्या रस्त्यावर ते लावून बघावं, कोरड्या डांबरावर नाही. वर्षानुवर्षं न वापरलेली ही यंत्रणा अनेकदा जाम झालेली असते.

मग शे-पाचशे किंवा हजार-दोन हजार देऊन आपला मिस्त्री सोबत न्यावा. विक्रेत्याच्या ओळखीचा नाही, आपला.

कागदांत आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबरशी ताडून बघणं पहिलं. मालक कितवा, बँकेचा बोजा उतरलाय का, हे परिवहन विभागाच्या एमपरिवहन अॅपवर दिसतं. थकलेली ई-चलानंही ऑनलाइन कळतात. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, म्हणजे २०१२ची गाडी २०२७ला नूतनीकरणाला जाणार. एप्रिल २०२२पासून त्याची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली, आणि महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण कर वेगळा.

दिल्लीच्या स्वस्त गाडीचा हिशेब वेगळा करावा लागतो. २०१५चा राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश आणि २०१८चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांमुळे तिथल्या दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या मोठ्या प्रमाणात बाहेरच्या राज्यांत विकल्या गेल्या. गाडी चांगलीही असू शकते, पण एनओसी, इथला रोड टॅक्स आणि एमएच नंबर मिळेपर्यंतचे हेलपाटे धरले की स्वस्ताई बरीच आटते.

सगळं पटलं तरी किमतीच्या पंधरा-वीस टक्के रक्कम बाजूला ठेवूनच भाव करावा. टायर, बॅटरी, सगळी ऑइलं, सस्पेन्शनचे बुश हे पहिल्या वर्षात निघतंच. व्यवहाराच्या दिवशी फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, बोजा असेल तर बँकेच्या एनओसीसोबत फॉर्म ३५. विमा १४ दिवसांत आणि आरसी ३० दिवसांत नावावर करायची असते. तोवर पूर्ण पैसे न देता थोडी रक्कम हातात राखून ठेवायला विक्रेता तयार होतो का, हेही विचारून बघावं.