उवा, साबण आणि डॉक्टर सेमाश्को

डिसेंबर 1919. मॉस्कोच्या स्टेशनवर गाडीतून उतरलात की शहर बघायची घाई करू नका. आधी तुमचं डोकं भादरतील, अंगावरचे कपडे काढून वाफेच्या पेटीत टाकतील आणि हातावर साबणाचा तुकडा ठेवून न्हाणीघराकडे पिटाळतील. चिडू नका. रांगेत तुमच्या मागे उभा असलेला सैनिक तापाने फणफणलाय, छातीवर पुरळ उठलंय. हा टायफस. टायफॉइडशी त्याचा संबंध नाही. हा पसरतो कपड्यांतल्या उवांमुळे. औषध म्हणाल, तर जगात कुणाकडेच नाही.

याच महिन्यात लेनिन अधिवेशनात बजावून गेलेत की एकतर उवा समाजवादाला हरवतील, नाहीतर समाजवाद उवांना. ती लढाई ज्यांच्या गळ्यात पडलीय, त्या निकोलाय सेमाश्कोंच्या कचेरीत आता शिरा. पंचेचाळिशीचा माणूस. मार्क्सवादी विचारवंत प्लेखानोव्ह यांचा सख्खा भाचा. मॉस्को विद्यापीठाने चळवळीपायी काढून टाकलं, म्हणून डॉक्टरकीची पदवी 1901 मध्ये कझानहून घेतली. मग अटक, जिनिव्हा, पॅरिस, लेनिनची सोबत. जुलै 1918 पासून आरोग्याचे कमिसार, म्हणजे मंत्रीच.

त्यांच्या टेबलावर औषधांपेक्षा सरपणाचे आणि साबणाचे प्रश्न जास्त. यादवी युद्ध चालू आहे, न्हाणीघर तापवायला लाकूड नाही, रुग्णांना तपासणारे डॉक्टरच टायफसने मरताहेत. पेशंटची नाडी बघणाऱ्या माणसाला आता अख्ख्या देशाला आंघोळ घालायची आहे! मला सेमाश्कोंचं खरं मोठेपण इथे दिसतं, नंतर त्यांच्या नावाने ओळखल्या गेलेल्या सरकारी आरोग्यव्यवस्थेत तितकं नाही. कारण त्या व्यवस्थेचा पाया जुनाच होता. झेम्स्त्वो नावाच्या स्थानिक मंडळांचे डॉक्टर झारच्या काळापासून खेड्यांचे भाग पाडून लोकांना तपासत होते. सेमाश्कोंनी रेल्वे, लष्कर, विमा, धर्मादाय असा विखुरलेला कारभार एका खात्यात आणला आणि उपचार फुकट केले. पिरोगोव्ह सोसायटी या डॉक्टरांच्या नामांकित संघटनेने लेनिनच्या बोल्शेविक पक्षाला विरोध केला होता. पुढे ती संघटनाच राहिली नाही, हेही त्याच हिशेबात धरा.

आता थोडं पुढे सरका, 1920 च्या दशकाच्या उत्तरार्धात. तुम्ही गिरणीत कामाला आहात आणि खोकल्यातून रक्त पडतंय. सेमाश्कोंच्या खात्याच्या क्षयाच्या दवाखान्यातून बाई थेट तुमच्या खोलीवर येतात: खिडकी उघडते का, एका खाटेवर कितीजण झोपता, सगळं लिहून घेतात. दिवसा काम आणि रात्री मुक्काम, जेवण, उपचार अशी रात्रीची सॅनेटोरियमंही निघाली आहेत. जागा मिळाली तर नशीब समजा. गरजू फार, खाटा थोड्या.

1930 मध्ये सेमाश्कोंचं मंत्रिपद गेलं. थोड्याच वर्षांत ती खुर्ची ग्रिगोरी कामिन्स्कींकडे आली. जून 1937 मध्ये पक्षाच्या केंद्रीय समितीच्या बैठकीत कामिन्स्की स्टालिनच्या मर्जीतल्या बेरियाविरुद्ध बोलले आणि त्याच दिवशी पकडले गेले. पुढच्या वर्षी त्यांना गोळी घातली. सेमाश्को मात्र सामाजिक आरोग्यशास्त्र शिकवत राहिले आणि 1949 मध्ये मॉस्कोतच वारले.