तहान नाही, तुफान विकलं! थम्स अपपासून वीस रुपयांच्या एनर्जी ड्रिंकपर्यंत

सोलापुरातून पुन्हा एकदा तुमच्या इयरफोनमध्ये. आज विषय एनर्जी ड्रिंकचा. पण सुरुवात रेड बुलपासून नाही करायची, सुरुवात मुंबईच्या पार्ल्यापासून करायची. कारण 'ही बाटली तहान भागवते' असं न सांगता 'तुझ्यात दम आहे का?' असं विचारून माल विकायची कला आपल्याकडे रुजवली ती थम्स अपनं.

चला १९७७ मध्ये. आणीबाणी संपली, जनता पक्षाचं सरकार आलं, आणि काही महिन्यांतच उद्योगखातं गेलं जॉर्ज फर्नांडिस यांच्याकडे. होय, तेच मुंबईचे 'बंदसम्राट'. १९७३ चा फेरा कायदा सांगत होता की विदेशी कंपन्यांनी इथल्या धंद्यातला आपला वाटा ४० टक्क्यांवर आणावा. कोका-कोलाला फॉर्म्युल्यावरचा ताबा सोडायचा नव्हता. गाडी तिथंच अडली आणि कंपनी गाशा गुंडाळून गेली.

आता बघा, प्यायची सवय लागलेली, दुकानं तयार, आणि बाटलीच नाही. अशी मोकळी जागा धंद्यात क्वचित मिळते. सरकारनं स्वतःचा कोला काढला, नाव 'डबल सेव्हन'. कोकच्या जुन्या बॉटलरनं कॅम्पा कोला आणला. आणि रमेश व प्रकाश चौहान यांच्या पार्लेनं आणला थम्स अप. इंग्रजी नावातलं 'बी' अक्षर गाळलं आणि बाटलीवर लाल अंगठा उभा केला. हा अंगठा इतका डोक्यात बसला की मनमाडजवळच्या हडबीच्या शेंडीला आज रेल्वेतले प्रवासी सरळ 'थम्स अप डोंगर' म्हणतात. डोंगराला ब्रँडचं नाव पडणं, याहून मोठी जाहिरात कुठली?

चवही वेगळी ठेवली. कोकपेक्षा कमी गोड, जास्त झणका, मसाल्याची किंचित झाक. झणझणीत शेंगाचटणी खाणाऱ्या आपल्या सोलापूरकरांना हे वेगळं समजवायला नको. पहिली टॅगलाइन होती 'हॅपी डेज आर हिअर अगेन'. साधी, आनंदी. मग ऐंशीच्या दशकात आलं 'टेस्ट द थंडर', आणि खरी कलाटणी इथं बसली. आता ते पेय राहिलं नाही, ती मर्दानगीची परीक्षा झाली. शिवाय क्रिकेट! खेळाडूंच्या फ्लिप-बुक गोळा करायला पोरं बुचं जमवायची. आजच्या भाषेत सांगायचं तर लॉयल्टी प्रोग्रॅम, फक्त ॲपशिवाय.

१९९० मध्ये पेप्सी आली. पार्लेनं ३०० मिलीची 'महाकोला' बाटली काढून टक्कर दिली. पण १९९३ मध्ये कोका-कोला परतली, आणि चौहानांनी थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट, सिट्रा, माझा असे ब्रँड तिला विकून टाकले. रक्कम सांगितली जाते सुमारे ६ कोटी डॉलर.

एवढं जिंकत असताना विकलं का? माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्याला यातली सगळ्यात भारी गोष्ट हीच वाटते. बाटल्या भरणारे कारखाने बहुतेक पार्लेचे नव्हतेच. ते फ्रँचायझीवाल्यांचे होते. फॉर्म्युला तुमचा, पण सर्व्हर दुसऱ्याचे! ते बॉटलर जास्त पैसेवाल्याकडे गेले की तुमचा ब्रँड कागदावरच राहतो. आणि कोकला तरी काय हवं होतं? गावोगावी पोचणारे क्रेट, ट्रक आणि दुकानदारांची ओळख. चव तिच्याकडे स्वतःची होतीच.

म्हणून तर सुरुवातीला कोकनं थम्स अप मागं सारायचा प्रयत्न केला. गोल्ड स्पॉट पुढे बंदच झाला. पण थम्स अप पिणारा कोककडे वळेना, उलट पेप्सी पुढे सरकायला लागली. शेवटी कंपनीनं आपलाच विकत घेतलेला प्रतिस्पर्धी पुन्हा उभा केला. अक्षय कुमार, सलमान खान, 'आज कुछ तूफानी करते हैं', कड्यावरून उड्या. २०२१ मध्ये या ब्रँडची वर्षाची विक्री १ अब्ज डॉलरपार गेली.

आता या गोष्टीला रेड बुलची गोष्ट जोडा. थायलंडमध्ये 'क्राटिंग डेंग' नावाचं टॉनिक ट्रकवाले आणि कामगार प्यायचे. डिट्रिश माटेशिट्झ या ऑस्ट्रियन माणसानं ते १९८७ मध्ये युरोपात आणलं, बारीक कॅनमध्ये भरलं, महाग ठेवलं आणि कॉलेजच्या पोरांपर्यंत पोचवलं. कामगाराचं पेय स्टाइल झालं. भारतात पेप्सिकोच्या स्टिंगनं उलटा रस्ता धरला. महाग कॅन बाजूला, प्लास्टिकची लाल बाटली, किंमत २० रुपये. बस, पुणे-हैदराबाद हायवेवरच्या टपरीपासून रात्रपाळीच्या यंत्रमाग कामगारापर्यंत सगळीकडे पोचली. म्हणजे पेय फिरून परत ट्रकवाल्याकडेच आलं, फक्त आता त्याच्या शाळेतल्या पोराच्या हातातही आहे.

आणि इथं गंमत संपते. 'थंडर' चाखून कुणी डोंगरावरून उडी मारत नव्हतं, तो नुसता फुगा होता. 'एनर्जी' हा शब्द मात्र लोक खरा मानतात. कॅफिन ताकद देत नाही. मेंदूला 'थकलोय' हा निरोप देणारा ॲडेनोसिन नावाचा पदार्थ असतो, कॅफिन त्याची जागा अडवतं. नोटिफिकेशन म्यूट केलं म्हणजे मेसेज आला नाही असं होत नाही ना, तसंच. थकवा आतच असतो.

आपल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार अशा पेयात लिटरमागे १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन चालतं. म्हणजे २५० मिलीच्या बाटलीत जास्तीत जास्त ७५. लहान मुलं, गरोदर आणि स्तनदा माता यांच्यासाठी नाही, आणि दिवसाला ५०० मिलीच्या वर नको, हे लेबलवर छापावं लागतं. दोन बाटल्या झाल्या की कोटा संपला. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या विधान परिषदेत शाळांपासून ५०० मीटरच्या आत जास्त कॅफिनची पेयं विकायला बंदी घालू, असं मंत्र्यांनी सांगितलं. पण मीटर मोजायला टपरीवर कोण उभं राहणार?

१९७७ पासून बाटलीच्या पुढच्या बाजूनं आपल्याला आनंद विकला, मग धाडस, मग ताकद. कामाचं जे काही आहे ते मागच्या बाजूला, बारीक अक्षरात आहे. ते वाचायला थंडर लागत नाही, मोबाईलचा झूम पुरतो. तुमच्या घरातलं नववी-दहावीचं पोर परीक्षेच्या रात्री लाल बाटली उघडत असेल, तर ओरडू नका. मागची बाजू त्यालाच मोठ्यानं वाचायला सांगा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत माठातलं पाणी प्या!