नाव तेच, माल निराळा

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने साबण, बिस्कीट, बिडी असल्या गोष्टींवर व्याख्यान द्यावं, याचं काही जणांना नवल वाटलं असेल. पण प्रश्न जुनाच आहे, फक्त तो आता दुकानात जाऊन बसलाय. आपल्या नैयायिकांनी विचारलं होतं, 'गाय' हा शब्द ऐकला की आपल्याला कळतं ते नेमकं काय? समोरची एक गाय, गायीचा आकार, की सगळ्या गायींत असणारं गायपण? त्यांचं उत्तर असं, की व्यक्ती, आकृती आणि जाती ही तिन्ही मिळून शब्दाचा अर्थ होतो. आता हाच प्रश्न घेऊन धानोऱ्याच्या नाहीतर एटापल्लीच्या बाजारात चला. एखादी बाई दुकानदाराला म्हणते, "हॉर्लिक्स द्या." तिने काय मागितलं? तेच नाव लंडनच्या दुकानात उच्चारलं तर तीच वस्तू मिळेल का? आजचा आपला विषय एवढाच आहे.

आधी हे नाव लावायची पद्धत कुठून आली ते पाहू. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी आपल्याकडे मीठ, गूळ, तेल सगळं सुटं मिळायचं. विश्वास असायचा तो दुकानदारावर. तो माप मारतो की नाही, भेसळ करतो की नाही, हे गावाला ठाऊक असायचं. मग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कारखान्यात तयार झालेला, कागदात गुंडाळलेला, छापील नावाचा माल येऊ लागला. १८८८ साली कलकत्त्याच्या बंदरात लिव्हर ब्रदर्स या इंग्रज कंपनीच्या सनलाइट साबणाच्या पेट्या उतरल्या. १८९५ मध्ये लाइफबॉय आला. या छापील नावाने गिऱ्हाइकाला एक वचन दिलं, की दुकानदार कोण आहे हे विचारू नको, नाव बघ. कुठेही घे, कधीही घे, आतला माल तोच असेल. विश्वास माणसावरून उठला आणि नावावर जाऊन बसला. ही लहान घटना नाही, बरं का. आणि आज आपण तपासतोय ते हेच वचन.

लाइफबॉयचंच बघा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत हा साबण खपला तो अंगाला येणाऱ्या घामाच्या वासाची धास्ती घालून. आपल्याकडे तो आला रोगजंतू मारणारा, तंदुरुस्तीचा साबण म्हणून. खेड्यापाड्यांत लोक त्याला नुसतं 'लाल साबण' म्हणायचे. २००२ साली कंपनीने भारतातला तो जुना कार्बोलिक साबण बदलून अंगाला लावायचा सुवासिक साबण केला. नाव तेच, लाल रंगही तोच, पण साबणाची जातच बदलली. नैयायिकांच्या भाषेत सांगायचं तर आकृती राहिली आणि जाती गेली.

दुसरं उदाहरण मॅगीचं. आपल्या पोरांना विचारा, मॅगी म्हणजे काय? दोन मिनिटांत होणाऱ्या नूडल्स! आपल्याकडे त्या १९८०च्या दशकात आल्या. पण ज्युलियस मॅगी हा एकोणिसाव्या शतकातला स्वित्झर्लंडचा गिरणीवाला. त्याने कामगारांसाठी झटपट शिजणारी डाळींची पिठं आणि सूप काढली. मग १८८६ च्या सुमारास एक काळपट, खारट मसालापाणी बाजारात आणलं. जर्मनीत आजही मॅगी म्हटलं की ती तपकिरी बाटली डोळ्यांपुढे येते. तिथे एका बागेतल्या वनस्पतीचा वास त्या मसाल्यासारखा येतो, म्हणून लोक त्या वनस्पतीलाच 'मॅगीचा पाला' म्हणायला लागले. म्हणजे पाल्यावरून मसाल्याचं नाव पडलं नाही, मसाल्यावरून पाल्याचं पडलं.

आता हा फरक पडतो का? मी त्याची तीन कारणं मानतो: जीभ, खिसा आणि कायदा. तिन्ही वेगळी आहेत आणि त्यांची गल्लत केली की सगळा विचार गढूळ होतो.

जिभेचं सोपं आहे. सावजी रस्सा खाणाऱ्या माणसाला जर्मनीतलं मसालापाणी कशाला हवंय? फँटा हे पेय १९४० साली युद्धाच्या टंचाईत जर्मनीत जन्मलं, तेव्हा त्यात सफरचंदाचा चोथा आणि दुधाचं निवळ पाणी असं जे मिळेल ते वापरलं होतं. संत्र्याचा फँटा आला १९५५ मध्ये, इटलीतल्या नेपल्सला. आज देशोदेशी त्याची चव आणि रंग वेगळा आहे. यात कुणाचं काही बिघडत नाही. आपण पोळीला पोळी म्हणतो, तीच पलीकडे चपाती होते, तशातली ही गोष्ट.

खिशाचं जरा गुंतागुंतीचं आहे. त्यात गिऱ्हाइकाचा खिसा आला आणि कंपनीचाही. कोका-कोला आपल्याकडे उसाच्या साखरेचा, तर अमेरिकेत १९८०च्या दशकापासून मक्यापासून काढलेल्या पाकाचा. कारण तिथे मका मुबलक, आणि बाहेरच्या साखरेवर सरकारी बंधनं असल्यामुळे साखर महाग. गंमत अशी, की ज्यू लोकांच्या वल्हांडणाच्या सणात अनेक ज्यू घरांत मका वर्ज्य असतो. तेवढ्या दिवसांसाठी अमेरिकेत पिवळ्या झाकणाच्या, साखर घातलेल्या बाटल्या निघतात. आता गिऱ्हाइकाचा खिसा घ्या. आपल्याकडे बिस्किटाच्या पुड्याची किंमत वर्षानुवर्षं चार-पाच रुपयांवर स्थिर राहते आणि वजन मात्र हळूहळू कमी होत जातं. मजुराच्या हातात नाणं ठरलेलं असतं, म्हणून किंमत हलत नाही, पुडा बारीक होतो. पार्ले-जी आपल्याकडे चहात बुडवून खायचं गरिबाचं बिस्कीट. तेच परदेशातल्या भारतीय किराणा दुकानात गेलं की आठवणींचा माल होतो, आणि आठवणींची किंमत वेगळी लागते. इथवरही मला फारसं काही म्हणायचं नाही.

खरा प्रश्न कायद्याचा आहे. तो समजून घ्यायला आपला मुलूख फार चांगला. दोन देश लांब राहिले, आपल्याकडे दोन जिल्ह्यांतच हे दिसतं. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपुरातून वेगळा झाला. १९९३ साली तिथे दारूबंदी आली, तीही लोकांच्या आंदोलनातून. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. म्हणजे आज व्याहाडकडून वैनगंगेचा पूल ओलांडला, की अलीकडे जी बाटली दुकानातला माल असते, तीच पलीकडे पोलिसांचा मुद्देमाल होते. बाटलीत काही बदललेलं नाही. बदललं ते तिच्याभोवतीचं माणसांनी ठरवलेलं जग.

तेंदूपत्त्याची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. एप्रिल-मेच्या उन्हात आपल्याकडची बायामाणसं पहाटे जंगलात जातात, पानं तोडतात, घरी येऊन पुडे बांधतात आणि संध्याकाळी फळीवर नेऊन देतात. महाराष्ट्रात एक पुडा सत्तर पानांचा, मध्य प्रदेशात पन्नासचा. हजार पुड्यांची ती 'प्रमाण गोणी'. प्रमाण म्हणायचं आणि ते राज्यागणिक वेगळं! ही पानं बिडीच्या कारखानदारांकडे जातात. आपल्याकडे बिडी म्हणजे कष्टकऱ्याचा धूर. तीच बिडी १९९०च्या दशकात अमेरिकेत पोचली तेव्हा तिला स्ट्रॉबेरी, चॉकलेट, आंबा असे स्वाद लावलेले होते. पानात गुंडाळलेली, म्हणून नैसर्गिक, म्हणून निरुपद्रवी, असा तरुणांत समज पसरला. १९९९ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या शहरी मुलामुलींची पाहणी झाली, त्यात शंभरातल्या चाळीस जणांनी निदान एकदा बिडी ओढल्याचं सांगितलं. त्याच वर्षी तिथल्या सीमाशुल्क खात्याने एका भारतीय कारखान्याच्या बिड्या, त्या वेठबिगार मुलांकडून वळून घेतल्याच्या संशयावरून अडवल्या. २०१४ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने काही बिड्यांची विक्रीच थांबवली. म्हणजे तिकडे पोराच्या तोंडात बिडी दिसल्यावर पाहणी झाली, खातं हललं, हुकूम निघाला. आणि इथे? इथे आपण ती शेकडो वर्षांची रीत असल्यासारखी बघत आलो.

हे एकतर्फी होऊ नये म्हणून सांगतो, इथेही कायदा हलला. २०१२ मध्ये महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली. छापील नावाची पुडी गेली, निदान कागदावर तरी गेली. पण खर्रा राहिला! सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत घालून पाटीवर घोटलेला. त्याला ना नाव, ना कंपनी, ना मागच्या बाजूला काही छापलेलं. कायदा नावाला पकडतो, बिननावाचं निसटतं. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीत दारू आणि तंबाखूविरुद्ध 'मुक्तिपथ'चं काम उभं केलं, ते गावागावांत जाऊन करावं लागलं ते यासाठीच.

आता हॉर्लिक्सकडे वळतो. हॉर्लिक हे दोन इंग्रज भाऊ, त्यांनी १८७३ मध्ये अमेरिकेत जाऊन माल्टच्या अन्नाचा धंदा काढला. इंग्लंडमध्ये हॉर्लिक्स हे रात्री निजताना घ्यायचं, शांत झोप आणणारं पेय म्हणून ओळखलं जातं. आपल्याकडे मात्र ते मुलं उंच, ताकदवान आणि हुशार करणारं पेय झालं. एकच डबा तिकडे झोपवतो आणि इकडे अभ्यासाला बसवतो! २००८ साली दक्षिण आशियातली ही उंचीची, हुशारीची जाहिरात ब्रिटनमध्ये एका वाहिनीवर दाखवली गेली, तेव्हा तिथल्या जाहिरात नियामकाने ती रोखली. दावा सिद्ध करा, म्हणाले. आपल्याकडे २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन दुकानांना सांगितलं, की असल्या पेयांना 'हेल्थ ड्रिंक'च्या यादीत घालू नका, आणि हॉर्लिक्सच्या कंपनीनेही आपल्या पेयांच्या गटाचं नाव बदललं. मधे सोळा वर्षं गेली. तोवर किती आईबापांनी दुधाचे आणि अंड्यांचे पैसे त्या डब्यात घातले असतील, विचार करा.

शेवटचं उदाहरण सगळ्यांत गंभीर, कारण ते तान्ह्या मुलांचं आहे. एप्रिल २०२४ मध्ये 'पब्लिक आय' या स्वित्झर्लंडमधल्या संस्थेने बाळअन्नाच्या आंतरराष्ट्रीय कृती-जाळ्याबरोबर एक अहवाल काढला. नेस्लेचं सेरेलॅक त्यांनी देशोदेशीचं तपासलं. भारतात एका वेळच्या वाटीत सरासरी जवळजवळ तीन ग्रॅम वरून घातलेली साखर. इथिओपियात पाच ग्रॅमच्या वर. जर्मनीत आणि ब्रिटनमध्ये शून्य. कंपनीने सांगितलं, की आम्ही प्रत्येक देशाचा कायदा पाळतो आणि भारतात साखर कमी करत आणली आहे. पुढे त्याच वर्षी तिने भारतात साफ केलेली साखर नसलेले प्रकारही जाहीर केले.

कंपनीचं हे म्हणणं खोटं नाही. कायदा मोडलेला नव्हता, ही खरी अडचण आहे. इथे मला कांट आठवतो. तो म्हणायचा, जगात काही गोष्टींना किंमत असते आणि काहींना प्रतिष्ठा. किमतीच्या जागी दुसरं काही ठेवता येतं, प्रतिष्ठेच्या जागी नाही. जिभेप्रमाणे माल बदला, खिशाप्रमाणे पुडी लहान करा, ते किमतीच्या प्रांतातलं आहे. पण बर्लिनच्या बाळाच्या दातांना आणि जिभेच्या सवयीला जे संरक्षण आहे, ते भामरागडच्या बाळाला फक्त इथला कायदा ढिला म्हणून नाही, तर तो चवीचा फरक राहत नाही. तो माणसामाणसातला फरक होतो. ज्या जिल्ह्यात बालमृत्यू आणि कुपोषण हे शब्द सरकारी दप्तरात कायमचे राहायला आलेत, तिथे हा फरक जास्त टोचतो.

कुणी म्हणेल, सर, पुड्याच्या मागे सगळं छापलेलं असतं, लोकांनी वाचावं. बरोबर आहे. पण काय छापलेलं असतं आणि कुठल्या भाषेत? आपल्या कायद्याप्रमाणे ती माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असली की पुरते. माडिया बोलणाऱ्या आईला, सिरोंच्याकडच्या तेलुगू बोलणाऱ्या आजीला, त्या बारीक अक्षरांचा काय उपयोग? पुढच्या बाजूचं नाव आणि चित्र तिला कळतं. मागची बाजू तिच्यासाठी मुकी आहे. आणि कंपनीचं वचन पुढच्या बाजूला असतं, खरी वस्तू मागच्या बाजूला!

म्हणून माझी एकच सूचना आहे. मेंढा-लेखासारख्या गावांनी जंगलाचे कायदे अभ्यासगटात बसून वाचले, समजून घेतले, म्हणून २००९ मध्ये सामूहिक वनहक्क त्यांच्या हाती आला आणि २०११ मध्ये बांबू विकायचा अधिकारही. जी माणसं वनहक्काचा कायदा वाचू शकतात, ती पुड्याची मागची बाजू नक्कीच वाचू शकतील. ज्याला अक्षर येतं त्याने मोठ्याने वाचावं, जिला माडिया येते तिने समजावून सांगावं. साखर किती, मीठ किती, कुठल्या वयाच्या बाळाला. आणि आपल्या भाषेत छापा म्हणून मागणीही करावी. तेंदूच्या पुड्यात पानं किती ते आपण बरोबर मोजतो. आता बाजारातून येणाऱ्या पुड्यात काय आहे, तेही मोजायला लागू.

प्रश्न असतील तर विचारा, मला घाई नाही.