गोमंतकाचे रस्ते आणि घरचे परीक्षक



पेडणे आणि डिचोली या गोमंतकाच्या उत्तरेकडील दोन तालुक्यांत आज ज्या घरी सतरा-अठरा वर्षांचा मुलगा अथवा मुलगी आहे, त्या घरी एक वाद हटकून ऐकावयास मिळतो. मुलाला शिकाऊ परवाना मिळालेला असतो, रस्त्यावरील चिन्हांचे पुस्तक त्याने नुकतेच पाठ केलेले असते, आणि गेली दहा वर्षे मागच्या आसनावर मुकाट बसलेला हा प्रवासी एकाएकी परीक्षक होतो. “बाबा, वळताना दिवा दाखवला नाही.” “बाबा, ही रेघ अखंड आहे, इथे पुढे जाता येत नाही.” “आई, पट्टा बांध.” बाबा आधी हसतात, मग चिडतात आणि शेवटी, “तुझ्या जन्माआधीपासून गाडी चालवतो आहे,” हे ठेवणीतले अस्त्र बाहेर काढतात.

हा वाद घरगुती वाटला तरी त्याला इतिहास आहे. मोटारगाडी जन्मास आल्यापासून रस्त्याच्या बाबतीत पुढची पिढी मागच्या पिढीची परीक्षा घेत आली आहे. या परीक्षेत दोन्ही पक्षांचे म्हणणे काय आहे, ते पाहण्याचा आज विचार आहे.

जगातील पहिला लांब पल्ल्याचा मोटारप्रवास एका आईने आपल्या दोन किशोरवयीन मुलांना बरोबर घेऊन केला. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ या जर्मन स्त्रीने नवऱ्याने बनविलेली तीन चाकांची गाडी त्याला न सांगता बाहेर काढली आणि मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंतचे शंभर किलोमीटरहून थोडे अधिक अंतर तोडले. थोरला मुलगा ऑयगेन तेव्हा पंधरा वर्षांचा होता, धाकटा रिखार्ड चौदाव्या वर्षात होता. इंधन त्यांनी वाटेतल्या औषधांच्या दुकानातून घेतले. उतारावर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा चांभाराकडून त्यांना चामडे ठोकून घेतले. चढावर गाडी रेटण्याचे काम मुलांकडे आले. चढासाठी आणखी एक गिअर हवा, ही सूचना कार्ल बेंझ यांना मिळाली ती या प्रवासातूनच. गाडी बनविणाऱ्या बापाला गाडीतील उणीव कळली, ती गाडी ढकलणाऱ्या मुलांच्या घामामुळे, असे म्हणावयास हरकत नाही.

पण पिता-पुत्रांतील खरा फरक पडला तो सरकारी परीक्षेमुळे. इंग्लंडात १९०४ पासून चालकाला परवाना सक्तीचा झाला, पण तो मिळविण्यासाठी काही करून दाखवावे लागत नसे; पैसे भरले की परवाना हाती येई. गाडी चालवून दाखविण्याची सक्ती १९३५ साली आली, आणि तीही १ एप्रिल १९३४ पासून नव्याने चालवू लागलेल्यांपुरती. परिणाम असा झाला, की कित्येक घरांत परीक्षा उत्तीर्ण झालेला मुलगा आणि कधीच परीक्षेस न बसलेला बाप एकाच गाडीत शेजारी शेजारी बसू लागले. हिंदुस्थानात मोटारींचा पहिला सर्वदेशीय कायदा १९१४ चा. त्याची जागा १९३९ च्या कायद्याने घेतली, आणि त्याची जागा १९८८ च्या कायद्याने. दर वेळी नवा नियम नव्या शिकाऊंना शिकविला गेला. जुन्यांना तो शिकविण्याची सोय कोणी केली नाही.

गोमंतकाची गोष्ट यापेक्षाही निराळी आहे. येथे केवळ कायदा बदलला नाही, राज्यही बदलले. पेडणे, डिचोली आणि सत्तरी हे सावंतवाडीकर भोसल्यांच्या अंमलातील मुलूख अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगिजांकडे गेले आणि ‘नव्या काबिजादी’त मोडू लागले. श्रीमंतांनी माचील्यातून, म्हणजे भोयांच्या खांद्यावरील मेण्यातून, आणि इतरांनी पायी अथवा बैलगाडीने प्रवास करावा, अशी त्या काळची रीत. नद्यांनी कापलेल्या या प्रदेशात रस्ता जेथे संपे तेथे होडी लागे.

पुढे मोटारी आल्या आणि एक चमत्कारिक प्रश्न उभा राहिला. पोर्तुगालने १९२८ साली आपली वाहतूक डाव्या बाजूवरून उजवीकडे नेली. पण गोवा, मकाव आणि मोझांबिक या वसाहतींत डावीच बाजू कायम राहिली. कारण उघड होते. या तिन्ही प्रदेशांचे शेजारी डावीकडून चालणारे होते. बांद्याहून पत्रादेवीच्या नाक्यावर येणाऱ्या गाडीने सरहद्द ओलांडताच बाजू बदलावी, हे अपघातालाच आमंत्रण ठरले असते. लिस्बनचा हुकूम साऱ्या साम्राज्यात चाले, पण रस्त्यावर मात्र त्याला शेजाऱ्यांशी जुळवून घ्यावे लागले. नियम हा कागदावर जन्मला तरी त्याला रस्त्यावर जगावे लागते, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. त्यामुळेच १९६१ साली गोवा मुक्त झाल्यावर येथील चालकाला बाजू बदलावी लागली नाही. पोर्तुगीज सैन्याने माघार घेताना डिचोलीचा व शापोरा नदीवरचा पूल उडवून दिला होता. ते पूल नव्याने उभे राहिले आणि त्यांवरून जुनेच चालक पुन्हा गाड्या हाकू लागले. ज्यांनी पोर्तुगीज अमदानीत परवाने मिळविले होते, त्यांच्या मुलांनी भारतीय कायद्याखाली परीक्षा दिल्या. बाप आणि मुलगा यांचे पुस्तक निराळे असण्याची गोमंतकातील ही पहिली मोठी वेळ.

यानंतर या दोन तालुक्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. डिचोलीत लोहखनिजाच्या खाणी होत्या. खाणीवरून मांडवीच्या धक्क्यापर्यंत ट्रक, तेथून मुरगाव बंदरापर्यंत बार्ज, असा त्या मालाचा मार्ग. ट्रकवाल्याचा पैसा खेपेवर अवलंबून. जितक्या खेपा अधिक, तितकी कमाई अधिक. साखळी, शिरगाव, आमोणे या बाजूंच्या अरुंद रस्त्यांवर लाल धुळीत ट्रकांच्या रांगा लागत, आणि त्या रांगेतून दुचाकी बाहेर काढून पुढे दामटणे ही चालविण्याची कला समजली जाई. तेथील एक संपूर्ण पिढी त्या रांगेत गाडी चालवावयास शिकली. २०१२ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील खाणकाम थांबविले; मर्यादा घालून ते पुढे सुरू झाले आणि २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा बंद पडले. त्या वर्षांत रस्ते ओस पडले, पण हातांना लागलेली घाई ओसरली नाही. समोर ट्रक नसतानाही वळणावर पुढे घुसणारे बाबा आजचा मुलगा पाहतो आणि विचारतो, “एवढी घाई कसली?” त्याचे उत्तर बाबांपाशी नाही, कारण ते उत्तर खाणीत राहिले आहे. खाण तशी माती ही म्हण डिचोलीच्या रस्त्यांनाही लागू पडते.

पेडण्याची सवय निराळी. तेथे बराच काळ रस्त्यावर राज्य होते ते फेरीबोटीचे. पूल होण्यापूर्वी शिवोलीहून चोपड्यास जावयाचे तर शापोराकाठी थांबावेच लागे. केरीहून तेरेखोलास जाताना नदी आडवी येते ती आजही. फेरी गाठण्यासाठी शेवटचा मैल भरधाव आणि गाठल्यावर मात्र निवांत, असा तेथील चालकाचा स्वभाव बनला. आता तोच तालुका महामार्गाच्या मध्यावर आला आहे. मोप्याच्या विमानतळाचे उद्घाटन २०२२ च्या डिसेंबरात झाले, पुढील महिन्यात विमाने सुरू झाली, आणि ज्या वाटेवर एकेकाळी गुरेच अधिक दिसत, त्या वाटेने दिवसरात्र टॅक्सी धावू लागल्या. भाड्याच्या दुचाकीवरचे पाहुणे आणि पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकलीवरचे पायलट यांच्या गर्दीत पेडण्याचा शिकाऊ मुलगा आज क्लच सोडावयास शिकतो. त्याच्या बाबांनी ज्या रस्त्यावर हात बसविला, तो रस्ताच उरलेला नाही.

आता मुलांच्या तक्रारी एकेक घेऊन पाहू. बाबा वळणावर उगीच हॉर्न वाजवतात, ही पहिली. दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाची दरड आणि मध्ये एकाच गाडीपुरता रस्ता, अशा ठिकाणी समोरच्याला सूचना देण्याचा दुसरा मार्ग नव्हता. बाबा दिवा दाखवण्याऐवजी खिडकीतून हात काढतात, ही दुसरी. १९८९ च्या रस्त्याच्या नियमांत हाताच्या खुणांना रीतसर स्थान होते; त्यांच्या जागी २०१७ साली नवे विनियम आले. बाबा जुने पुस्तक वाचून उत्तीर्ण झाले आहेत, मुलगा नवे. समोरून गाडी येताना बाबा दिवे चमकवतात, ही तिसरी. आपल्याकडे त्याचा अर्थ ‘मी येतो आहे, तू थांब’ असा रूढ झाला. इंग्लंडच्या वाहतूक-संहितेत त्याचा अर्थ ‘मी येथे आहे’ एवढाच आहे, आणि तिकडच्या लोकव्यवहारात पुष्कळदा ‘तू आधी जा’ असा. गोमंतकातील कितीतरी कुटुंबांची माणसे आज इंग्लंड-पोर्तुगालात नांदतात. एकाच खुणेचे दोन उलट अर्थ घेऊन ती सुट्टीस घरी येतात, यातील धोका सांगावयास नको.

येथपर्यंत बाबांची बाजू घेता येते. पण काही सवयी अशा आहेत की त्यांचे कारण सांगता आले तरी समर्थन करता येत नाही. पेट्रोल वाचविण्यासाठी उतारावर गाडी गिअरमधून काढणे ही जुन्या काटकसरीची खूण खरी, पण इंजिनाचा आधार सुटला की सारा भार ब्रेकवर येतो आणि तापलेला ब्रेक ऐनवेळी दगा देतो. आज रूढ असलेला तीन टोकांचा पट्टा स्वीडनमध्ये १९५९ सालीच तयार झाला. आपल्याकडे नव्या मोटारींत पुढील आसनांना पट्टे बसविणे १९९४ पासून आवश्यक झाले. ज्यांनी पट्ट्याविना गाडी चालवावयास सुरुवात केली, त्यांना तो अडकवल्यासारखा वाटतो. हेल्मेट आरशाला लटकावून, पोलीस दिसताच डोक्यावर चढविणाऱ्यांना तर हीही सबब नाही. २०२२ या एका वर्षात भारताच्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी शंभरात सुमारे ४४ दुचाकीवरची होती. मुलगा जेव्हा म्हणतो, “बाबा, हेल्मेट घाला,” तेव्हा तो पुस्तकी शहाणपणा दाखवीत नसतो. तो बापाचा जीव मागत असतो.

या वादात कायद्यानेही एक पाऊल टाकले आहे. १९८८ च्या कायद्याप्रमाणे गाडी चालवण्याचे वय अठरा. सोळाव्या वर्षी पालकांच्या संमतीने मिळतो तो पन्नास सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचाच परवाना. प्रत्यक्षात खेड्यापाड्यांत उच्च माध्यमिक विद्यालयात जाणारे मूल त्याहून मोठी स्कूटर घेऊन निघते, कारण बस वेळेवर मिळत नाही आणि किल्ली भिंतीवरच्या खिळ्याला असते. २०१९ च्या दुरुस्तीने अशा अल्पवयीनाच्या गुन्ह्याबद्दल पालकाला अथवा वाहनाच्या मालकाला जबाबदार धरले. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द. शिवाय त्या मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही. म्हणजे बापाची पहिली चूक हात वा दिवा दाखविण्यातील नसते, किल्ली देण्यातील असते. आणि गंमत अशी, की वयाआधी किल्ली मिळालेले मूल बापावर टीका करीत नाही. जे मूल परवान्यासाठी थांबते, तेच बापाला नियम विचारते. तेव्हा घरातली ही टीका म्हणजे काहीतरी बरोबर घडल्याची खूण आहे.

मुलांनाही दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पहिली ही, की पुस्तकात चिन्हे असतात, रस्ता नसतो. पावसाळ्यात कोरड्या जागेच्या शोधात गुरे डांबरावर कोठे येऊन बसतात, कोणत्या मोरीवर पाणी चढते, चतुर्थीच्या दिवसांत बाजारातून कोणत्या वेळी गाडी काढू नये, हे बाबांना ठाऊक असते आणि त्याची परीक्षा कोणतेही कार्यालय घेत नाही. शिकाऊ चालकाने चारचाकी नेताना शेजारी परवानाधारक असावा, अशी अट कायद्याने उगाच घातलेली नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. नियमांविषयीचा हा उत्साह फार टिकत नाही. शिकाऊ परवाना मिळाल्यापासून स्वतःचा हात बसेपर्यंतचे काही महिने मूल रस्त्याकडे सावधपणे पाहते; पुढे हात सरावला की नजर सैल पडते, आणि वर्ष-दोन वर्षांत तोही दिवा न दाखविता वळू लागतो. आज बापावर टीका करणाऱ्याच्या मागच्या आसनावर वीस वर्षांनी दुसरे कोणी बसणार आहे.

म्हणून त्या थोड्या महिन्यांचा उपयोग दोघांनीही करून घ्यावा. मुदतीत अर्ज केला तर परवान्याचे नूतनीकरण होताना वाहतूक खाते आपली गाडी चालविण्याची परीक्षा पुन्हा घेत नाही. तिशीच्या आत उत्तीर्ण झालेला माणूस पुढे चाळीस वर्षे न तपासलेल्या हातांनी गाडी चालवीत राहतो. त्याची दुसरी परीक्षा घेणारा एकच अधिकारी आहे, आणि तो घरीच आहे. पुत्राकडून पराभव व्हावा अशी इच्छा धरावी, असे आपले पूर्वज सांगत आले. पेडण्याच्या महामार्गावर किंवा डिचोलीच्या वळणावर मुलगी जेव्हा म्हणेल, “बाबा, थोडे हळू,” तेव्हा तिला उत्तर देण्याआधी पाय उचलावा. वाद घरी पोहोचल्यावर करता येईल.